तळ्यावर उतरून नकाशे काढणारी विमानं: फेअरचाइल्ड आणि त्याच्या भाईबंदांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या विमानांचा विषय निघाला की गप्पा बहुतेक वेळा दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर आणि मस्टँग या लढाऊ विमानांपाशी थांबतात. इथे त्यांच्या आधीच्या, कमी देखण्या आणि जास्त राबलेल्या विमानांविषयीचे प्रश्न एकत्र केले आहेत. १९२० आणि ३० च्या दशकांत कॅनडाच्या तळ्यांवरून उडणारी, अर्धा दिवस फोटो काढणारी आणि उरलेला अर्धा दिवस पिठाची पोती वाहणारी ही विमानं. भर फेअरचाइल्ड एफसी-२ आणि फेअरचाइल्ड ७१ या दोघांवर आहे.

फ्लोटप्लेन आणि फ्लाइंग बोट यांत फरक काय?

पाण्यावर उतरणाऱ्या कोणत्याही विमानाला आपण सरसकट सी-प्लेन म्हणतो. त्यात दोन घराणी आहेत. फ्लाइंग बोटीचं पोटच होडीसारखं बांधलेलं असतं आणि ती पोटावर तरंगते. फ्लोटप्लेन मूळचं जमिनीवरचं साधं विमान असतं. त्याची चाकं काढून खाली दोन लांब, पोकळ फ्लोट बसवायचे, की झालं. हिवाळ्यात तेच फ्लोट काढून स्की लावता येतात आणि गरज पडली तर पुन्हा चाकं. फ्लाइंग बोटीला हे जमत नाही. तळी गोठली की तिचा हंगाम संपला.

फ्लोटच्या आत पाणी शिरणार नाही असे वेगवेगळे कप्पे असतात. एखादा कप्पा खडकावर फुटला तरी विमान बुडत नाही. तरी थोडंफार पाणी झिरपतंच, त्यामुळे रोज सकाळी उड्डाणाआधी प्रत्येक कप्प्याला हातपंप लावून ते उपसायचं. आजचे फ्लोटप्लेनचे पायलटही दिवसाची सुरुवात याच कामाने करतात.

बुश फ्लाइंग म्हणजे काय? ते सुरू कुठे झालं?

रस्ते, रेल्वे, धावपट्टी यांतलं काहीही नसलेल्या रानात विमान नेणं म्हणजे बुश फ्लाइंग. अलास्का, ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी इथेही ते वाढलं, पण त्याचं माहेर कॅनडा. कॅनडाच्या उत्तरेला हजारो किलोमीटर पसरलेला प्राचीन खडकाचा पट्टा आहे आणि त्यात तळीच तळी आहेत. विमानतळ बांधायची गरजच नव्हती, निसर्गाने ते आधीच पसरून ठेवले होते.

सुरुवात १९१९ ची. पहिलं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलाच्या कर्टिस एचएस-२एल फ्लाइंग बोटी हॅलिफॅक्सजवळ पडून होत्या. स्टुअर्ट ग्रॅहम या वैमानिकाने जून १९१९ मध्ये त्यांतली एक उडवत क्यूबेकमधल्या लाक-आ-ला-तोर्त्यू या तळ्यावर आणली. काम होतं जंगलातले वणवे शोधण्याचं. बोट लाकडी आणि अवजड होती, वैमानिक उघड्यावर बसायचा. पण वरून धूर दिसतो आणि वरून जंगल मोजताही येतं, हे लाकूड कंपन्यांना पटलं. फोटोंची मागणी इथूनच सुरू झाली.

कॅमेऱ्यासाठी विमान बनवलं गेलं, असं ऐकलं आहे. खरं आहे का?

अगदी खरं. या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात आवडणारी गोष्ट हीच आहे.

शर्मन फेअरचाइल्ड (१८९६–१९७१) हा न्यूयॉर्क राज्यातल्या श्रीमंत घरातला मुलगा. ज्या कंपनीतून पुढे आयबीएम झाली, तिचे त्याचे वडील पहिले अध्यक्ष होते. मुलाला नाद यंत्रांचा. त्या काळच्या हवाई कॅमेऱ्यात फिल्मच्या अगदी समोरून एक फटीचा पडदा सरकायचा. पडदा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पोचेतो विमान पुढे गेलेलं असायचं, त्यामुळे फोटोचा आकार बिघडायचा. नुसतं बघायला असा फोटो चालतो, मोजायला चालत नाही. फेअरचाइल्डने शटर भिंगांच्या मधोमध बसवलं, त्यामुळे सबंध फोटो एकाच क्षणी उठू लागला. १९२० मध्ये त्याने कॅमेऱ्यांची कंपनी काढली आणि १९२१ मध्ये शंभरेक फोटो जोडून मॅनहॅटनचा हवाई नकाशा करून दाखवला. पुढच्याच वर्षी क्यूबेकमधल्या ग्राँ-मेर गावी त्याची कॅनडातली सर्वेक्षण कंपनी उभी राहिली.

कॅमेरा उत्तम होता, पण तो न्यायचा कशातून? युद्धातून उरलेली विमानं उघडी होती. वर कडाक्याची थंडी, फिल्म बदलताना बोटं बधिर व्हायची, आणि खाली बघावं तर खालचा पंख आडवा यायचा. मनासारखं विमान मिळेना म्हणून त्याने स्वतःच बनवलं. १९२६ मध्ये एफसी-१ उडालं. कॅबिन बंद आणि आत ऊब, चहूकडे खिडक्या, पंख डोक्यावर. त्यामुळे खालचा नजारा मोकळा राहिला. पंख मागे दुमडताही यायचे. पहिलं इंजिन मात्र जुनं, जेमतेम ९० अश्वशक्तीचं आणि अगदीच अपुरं होतं. नंतर राइट कंपनीची हवेने थंड होणारी इंजिनं बसली, आणि १९२७ मध्ये सुमारे २२० अश्वशक्तीचं एफसी-२ बाजारात आलं.

गंमत अशी, की फोटोग्राफरच्या सोयीसाठी केलेली प्रत्येक गोष्ट बुश पायलटच्याही कामाची निघाली. वरचा पंख धक्क्याला किंवा झाडाला घासत नाही. बंद कॅबिनमध्ये माल भिजत नाही. मोठ्या दारातून कॅमेऱ्याची चौकट आत जाते तसा खाणीचा पंपही जातो. दुमडलेले पंख वादळात दोरांनी बांधून ठेवता येतात. त्या काळचं फोक्कर युनिव्हर्सल याच पंक्तीतलं. त्यात प्रवासी आत उबेत बसायचे आणि वैमानिक बिचारा बाहेर वाऱ्यात.

एफसी-२ आणि फेअरचाइल्ड ७१ यांत फरक काय?

एफसी-२ ला प्रॅट अँड व्हिटनीचं वॉस्प इंजिन लावून एफसी-२डब्ल्यू झालं, ते वाढवत सुधारत १९२८ च्या सुमारास ७१ तयार झालं. एफसी-२ चे पंख ४४ फूट, ७१ चे ५०. ७१ मध्ये ४२० अश्वशक्ती आणि वैमानिकाखेरीज सहा माणसांची जागा. फ्लोट पाण्यातून सुटण्यासाठी ताकद लागते, म्हणून फ्लोटवर उडणाऱ्यांना ही जादा अश्वशक्ती फार मोलाची वाटायची. अमेरिकेत ही विमानं लाँग आयलंडवरच्या फार्मिंगडेलला बनायची आणि कॅनडात माँट्रियलसमोरच्या लाँग्योईला. एफसी-२ ची काही बांधणी कॅनेडियन व्हिकर्सनेही परवान्यावर केली.

यात लष्कर कुठून आलं?

कॅनडात ते सुरुवातीपासूनच होतं. रॉयल कॅनेडियन एअर फोर्स १ एप्रिल १९२४ ला अस्तित्वात आलं, पण लढायला शत्रू नव्हता आणि सरकारला मात्र नकाशे हवे होते. त्यामुळे पहिली आठ-दहा वर्षं या हवाई दलाचं मुख्य काम मुलकीच होतं: फोटो काढणं, वणव्यांवर नजर ठेवणं, दुर्गम वस्त्यांवर सरकारी माणसं पोचवणं. ‘गणवेशातले बुश पायलट’ हे त्यांना मिळालेलं नाव चेष्टेचं वाटलं तरी नेमकं आहे.

आधी त्यांच्याकडे व्हिकर्स वायकिंग आणि व्हेडेट या लाकडी फ्लाइंग बोटी होत्या. १९२४ मध्ये उडालेली व्हेडेट खास कॅनडाच्या गरजांसाठी तिथेच आखून बांधलेली होती. मग एफसी-२, बेलांका पेसमेकर आणि ७१ आली आणि फोटोच्या कामाला वेग आला. १९२७-२८ मध्ये हडसन सामुद्रधुनीत बर्फ कधी धरतो आणि कधी सुटतो हे पाहायला सहा फोक्कर युनिव्हर्सल पाठवली होती. धान्याची जहाजं त्या वाटेने नेता येतील का, हा प्रश्न होता. त्या मोहिमेत एक विमान हिमवादळात वाट चुकून समुद्रातल्या बर्फावर उतरलं. वैमानिक आणि सोबती जिवंत परतले ते त्यांच्याबरोबरच्या इन्युइट (उत्तरेतल्या मूळ रहिवासी) वाटाड्यामुळे, आणि तेही पायी.

अमेरिकी लष्करानेही ७१ घेतलं आणि त्याला एफ-१ म्हटलं. तेव्हा तिथे एफ हे अक्षर फोटोच्या विमानांना द्यायचे. पुढे तीच विमानं सी-८ म्हणून मालवाहू यादीत गेली. विमान एकच, कामं दोन. कागदोपत्री सुद्धा.

१९३२ मध्ये मंदीमुळे कॅनडाच्या हवाई दलाच्या खर्चाला मोठी कात्री लागली आणि नकाशांचं काम जवळजवळ ठप्प झालं. मला हे हास्यास्पद वाटतं, कारण त्याच सुमारास उत्तरेत खाणींचा शोध जोरात चालू होता आणि नकाशांची गरज कधी नव्हे इतकी होती.

फोटो प्रत्यक्षात कसे काढायचे?

कॅबिनच्या तळाला भोक. त्यावर चौकटीत कॅमेरा, भिंग थेट खाली. पुढे वैमानिक, मागे कॅमेरावाला. वैमानिकाने एकच करायचं, पण ते भलतंच अवघड: उंची न बदलता, विमान न कलवता, सरळ रेषेत उडत राहायचं. रेषा संपली की वळायचं आणि शेजारच्या रेषेवरून परत यायचं. वारा आडवा असेल तर विमानाचं नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं उडावं लागतं, आणि मग कॅमेरावाल्याने कॅमेरा तेवढाच उलट फिरवायचा. नाहीतर फोटोंची रांग जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक येते.

फोटो एकाला एक लागून काढून भागत नाही. कौलं बसवताना वरचं कौल खालच्यावर चढवतात, तसा प्रत्येक फोटो आधीच्यावर सुमारे ६० टक्के चढलेला हवा. त्यामुळे जमिनीवरची प्रत्येक जागा निदान दोन फोटोंत, दोन कोनांतून येते आणि स्टिरिओस्कोपमधून (दोन डोळ्यांना दोन फोटो दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या उपकरणातून) पाहिल्यावर डोंगर उठून दिसतात. शेजारच्या रांगेशीही थोडी चढण ठेवायची.

हिशेब करून पाहू. फेअरचाइल्डच्या के-३ कॅमेऱ्याचं निगेटिव्ह ७ बाय ९ इंच. भिंगाचं नाभीय अंतर १२ इंच, म्हणजे एक फूट, आणि विमान १०,००० फुटांवर. म्हणजे फोटोचं प्रमाण एकास दहा हजार, आणि एका फोटोत सुमारे १.८ बाय २.३ किलोमीटर जमीन. आखूड बाजू उड्डाणाच्या दिशेला ठेवली, तर ६० टक्के चढण राखण्यासाठी दर ७०० मीटरला एक फोटो हवा. ताशी १६० किलोमीटर वेगाने ते झाले साधारण १६ सेकंद. एका रोलमध्ये शंभराच्या वर फोटो, म्हणजे अर्ध्या तासात रोल संपला आणि सत्तर-ऐंशी किलोमीटरची, जेमतेम दोन किलोमीटर रुंदीची पट्टी पदरात पडली. आता हे लक्षात घ्या की कॅनडा भारताच्या तिप्पट आहे.

शिवाय आकाश स्वच्छ हवं, सूर्य पुरेसा वर हवा, जमिनीवर बर्फ नको. आणि धूर नको. उन्हाळ्यात वणवे पेटले की शेकडो किलोमीटरवर धुरकं पसरायचं आणि फोटोवाले तळ्याकाठी तंबूत डास मारत बसायचे.

मग एवढा मोठा देश संपवला कसा?

तिरके फोटो काढून. क्षितिज दिसेल असा कॅमेरा कलवायचा आणि साधारण ५,००० फुटांवरून एक डावीकडे, एक समोर, एक उजवीकडे असे तीन फोटो घ्यायचे. एका झटक्यात कितीतरी मोठा मुलूख येतो. अर्थात अशा फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं. त्यावर सर्वेक्षण खात्याने तोडगा काढला: विमानाची उंची आणि फोटोतली क्षितिजाची रेषा माहीत असली, की जमिनीवरच्या समान चौकटी त्या फोटोत कशा दिसतील हे गणिताने काढता येतं. अशी जाळी पारदर्शक पट्टीवर आखून फोटोवर ठेवायची आणि तळ्यांचे काठ चौकटीगणिक कागदावर उतरवायचे. ही युक्ती डोंगराळ भागात फसते. कॅनडाच्या सपाट, तळ्यांनी भरलेल्या पट्ट्यात मात्र ती फार छान चालली. सह्याद्रीत कुणी हा प्रयोग केला असता तर पहिल्याच घाटात जाळीचा बोजवारा उडाला असता.

दुसऱ्या महायुद्धात तीन कॅमेरे एकत्र बांधून या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत सगळं एकदम टिपायची पद्धत आली. कल्पना त्याच जातीची.

पाण्यावर उतरणं सोपं असेल ना? जागा तर भरपूर.

जागा भरपूर, पण ब्रेक नाहीत. इंजिन चालू असेपर्यंत विमान पुढे सरकतंच राहतं. म्हणून धक्क्यापाशी इंजिन नेमकं कधी बंद करायचं याचा अंदाज लागतो, आणि कुणीतरी फ्लोटवर उतरून दोर घेऊन उडी मारायला तयार लागतं.

नवख्याला वाटतं लाटा सर्वात वाईट. त्याहून घातक असतं ते आरशासारखं शांत पाणी. त्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं, पृष्ठभाग दिसतच नाही. वैमानिकाला आपण पन्नास फुटांवर आहोत की पाच, हे कळत नाही. अशा वेळी डोळ्यांवर विसंबायचं नाही. किनाऱ्याच्या झाडांच्या कडेने यायचं, नाक किंचित वर ठेवायचं, थोडी शक्ती चालू ठेवून अगदी हळू उंची सोडत राहायचं आणि फ्लोट टेकेपर्यंत काहीही करायचं नाही. उडतानाही हेच पाणी सतावतं, फ्लोट त्याला चिकटून बसतात. मग आधी विमान गोल फिरवून स्वतःच लाटा करायच्या, नाहीतर पंख किंचित कलवून एक फ्लोट आधी सोडवायचा.

बाकी धोके ओळखीचे: पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके, काठाजवळचे खडक, आणि समुद्रावर गेलात तर खारं पाणी, जे धातू खातं.

हिवाळ्यात काय करायचे?

फ्लोट काढून स्की लावायचे. वर्षातून दोनदा, तळी गोठताना आणि वितळताना, काही आठवडे ना फ्लोट चालायचे ना स्की. त्या काळात विमानं बसून असायची आणि दूरच्या वस्त्यांचा जगाशी संबंध तुटायचा.

खरी कसोटी होती ती एअर इंजिनिअरची, म्हणजे वैमानिकाबरोबर फिरणाऱ्या मेकॅनिकची. रात्री उतरल्यावर, इंजिन गरम असतानाच, सगळं तेल डब्यात काढून घ्यायचं, नाहीतर सकाळी ते डांबर झालेलं असायचं. डबा झोपडीत शेगडीजवळ. पहाटे उठून इंजिनावर कॅनव्हासचा तंबू चढवायचा, त्याखाली धगधगता स्टोव्ह ठेवायचा आणि आत बसून राहायचं, कारण वर पेट्रोल आणि खाली ज्वाळा. तासा-दोन तासांनी इंजिन तापलं की कढत तेल ओतायचं आणि लगेच चालू करायचं. चालू झालं नाही तर तेल पुन्हा काढायचं. फोटोखाली नाव वैमानिकाचं छापून यायचं. मेकॅनिकचं क्वचितच.

ही विमानं काय काय वाहून न्यायची?

टपाल, पीठ, डायनामाइट, कुत्र्यांच्या गाड्या कुत्र्यांसकट, आजारी माणसं, पोलीस, भूगर्भशास्त्रज्ञ. आत न मावणारी होडी फ्लोटच्या दांड्यांना बाहेरून बांधायची. १९२८ मध्ये पंच डिकिन्स या वैमानिकाने फोक्कर सुपर युनिव्हर्सलमधून उत्तरेच्या ओसाड प्रदेशावर सुमारे ६,४०० किलोमीटरची फेरी मारली. खनिजांच्या शोधात फिरणाऱ्या गिल्बर्ट लाबाइनला १९३० मध्ये ग्रेट बेअर तळ्याकाठी रेडियमचं खनिज सापडलं, ते अशाच विमानांच्या जोरावर तिथवर पोचता आल्यामुळे.

पॅन अ‍ॅमची पहिली फेरी अशा विमानाने झाली होती का?

हो, या अमेरिकी विमानकंपनीची पहिली फेरी अशाच विमानाने झाली, तीही उसन्या. १९ ऑक्टोबर १९२७ पर्यंत फ्लोरिडातल्या ‘की वेस्ट’ बेटाहून क्यूबातल्या हवानाला टपाल नेलं नाही तर पॅन अ‍ॅमचं सरकारी कंत्राट जाणार होतं. त्यांचं फोक्कर ‘की वेस्ट’ला उतरवायला धावपट्टी तयार नव्हती. योगायोगाने दुसऱ्या एका कंपनीचं फ्लोटवरचं एफसी-२ तिथून जात होतं, नाव ‘ला निन्या’. वैमानिक साय कॉल्डवेलला गळ घातली, त्याने टपालाच्या पिशव्या टाकल्या आणि हवाना गाठलं. फ्लोटला धावपट्टी लागत नाही, यावर एका जगप्रसिद्ध कंपनीची मुहूर्तमेढ रोवली गेली.

अंटार्क्टिकावर गेलेलं फेअरचाइल्ड तेच का?

तेच घराणं. रिचर्ड बर्ड या अमेरिकी संशोधकाच्या १९२८-३० च्या मोहिमेत एफसी-२डब्ल्यू२ जातीचं ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ होतं, तिथे अर्थातच स्कीवर. परतताना ते बर्फात सोडून आले. काही वर्षांनी दुसरी मोहीम गेली, तिने ते खणून काढलं आणि पुन्हा उडवलं. आता ते स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे.

फोक्कर, बेलांका, फेअरचाइल्ड, नॉर्समन, बीव्हर: सरस कोण?

यावर पायलट लोक आजही तावातावाने भांडतात. फोटोच्या कामाला मी फेअरचाइल्ड निवडेन. कमी इंधनात जास्त ओझं न्यायचं तर बेलांका. नॉर्समनचा जनक रॉबर्ट नूर्डाइन याने फोक्कर युनिव्हर्सलवर काम केलं होतं आणि बेलांकाकडेही. त्यामुळे दोन्हीकडचे गुणदोष पाहूनच त्याने नॉर्समन आखलं. १४ नोव्हेंबर १९३५ ला ते पहिल्यांदा उडालं तेच मुळी फ्लोटवर, माँट्रियलला, सेंट लॉरेन्स नदीवरून. नऊशेच्या आसपास बनली, बरीचशी युद्धकाळात अमेरिकी लष्करासाठी. १९४७ चं बीव्हर धातूचं, आखूड जागेतून उठणारं, आणि आजही कामावर आहे.

भारताचा काही संबंध?

आहे, आणि तो जवळजवळ कॅनडाइतकाच जुना. १९२४ मध्ये ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातली जंगलं फ्लोट लावलेल्या डीएच-९ विमानांतून टिपली गेली. रोनाल्ड केम्प यांच्या एअर सर्व्हे कंपनीचं ते काम, आणि ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. खाड्या आणि खारफुटीत उतरायला दुसरी जागाच नव्हती.

महाराष्ट्रात २०१४ मध्ये जुहूहून अँबी व्हॅलीला लहान सी-प्लेनची सेवा सुरू झाली होती, पण ती पर्यटकांसाठी. जिथे एसटी पोचते तिथे पिठाची पोती विमानाने नेण्याची वेळ येत नाही.

फेअरचाइल्डचं पुढे काय झालं?

अपोलो १५, १६ आणि १७ मधून चंद्राचे नकाशे ज्या मापन-कॅमेऱ्याने काढले, तो फेअरचाइल्डचाच. आणि १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात आठ जणांनी काढलेल्या फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या चिप बनवणाऱ्या कंपनीला भांडवल दिलं तेही याच शर्मन फेअरचाइल्डच्या कॅमेरा कंपनीने. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी मंडळींनी हे नाव ऐकलेलं असतंच. त्यामागे क्यूबेकच्या तळ्यांवरचे फोटो आहेत, हे सहसा माहीत नसतं.

आज ही विमानं आणि ते फोटो कुठे पाहायला मिळतील?

ओटावाच्या विमान व अंतराळ संग्रहालयात एफसी-२डब्ल्यू२, बेलांका पेसमेकर आणि नॉर्समन आहेत, शिवाय पहिलं बीव्हरही. टोरंटोकडे नातेवाईक असतील आणि गाडीने लांब जायची तयारी असेल, तर सू सेंट मरीचं बुशप्लेन संग्रहालय जास्त मजेचं. जुन्या फोटोंसाठी ओटावाचाच राष्ट्रीय हवाई छायाचित्र संग्रह, १९२५ पासूनचा. त्यात साठ लाखांहून जास्त फोटो आहेत. अभ्यासक ते आजही मागवतात: एखाद्या जागी पूर्वी कारखाना होता का, नदीने काठ कुठे बदलला, वणवा कुठवर गेला होता, हे तपासायला.